तेरच्या पांढरीतून निघालेलं : संग्रहालयाच्या पाटीवर काय लिहावं?

बार्शीलाईट

धाराशिव जिल्ह्यातल्या तेरला लोक जातात ते गोरोबाकाकांसाठी. चैत्र वद्यात समाधीच्या सोहळ्याला तेरणेकाठी पाय ठेवायला जागा नसते. त्या गर्दीतले फार थोडे जण गावातल्या रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयाकडे वळतात. हा धागा त्या संग्रहालयाबद्दल आहे, आणि त्यानिमित्ताने तुमच्या-माझ्या गावांतल्या अशा जागांबद्दल.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. तेर म्हणजे जुनं तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकात कुणा ग्रीक बोलणाऱ्या व्यापाऱ्याने 'पेरिप्लस' नावाची समुद्रव्यापाराची वाटाड्या-वही लिहून ठेवली. तिच्यात भडोचच्या दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर असा उल्लेख आहे. तगरहून गाड्या भरभरून सुती कापड भडोचच्या बंदरात जायचं. पुढे शिलाहार राजे कोकणात आणि कोल्हापुरात राज्य करत असतानाही स्वतःला 'तगरपुरवराधीश्वर' म्हणवून घेत. म्हणजे गाव मागे पडलं, तरी नावाचा रुबाब शेकडो वर्षं टिकला.

रामलिंगप्पा लामतुरे तेरचेच, पेशाने व्यापारी. पुरातत्त्वाची पदवी वगैरे काही नाही. गावाभोवतीच्या पांढरीतून, म्हणजे जुन्या वस्तीच्या मातीच्या टेकाडांतून, जे निघेल ते हा माणूस आयुष्यभर गोळा करत राहिला. मणी, नाणी, शंखाच्या बांगड्या, मातीच्या बाहुल्या, दिवे, हस्तिदंताच्या फण्या. हजारो वस्तू झाल्या. पुढे हा संग्रह शासनाकडे आला आणि त्यांच्याच नावाने संग्रहालय उभं राहिलं.

मी सगळ्यात जास्त वेळ थांबलो ते केओलिनच्या बाहुल्यांपुढे. केओलिन म्हणजे पांढरी चिनी माती. पुढचा अर्धा एका साच्यात, मागचा अर्धा दुसऱ्या साच्यात, आणि मग दोन्ही जोडलेले. नीट बघितलं तर कानाच्या मागून खांद्यावर उतरणारी सांध्याची रेघ दिसते. एका ठिकाणी ती पुसायची राहून गेली आहे. दोन साच्यांची ही रीत रोमन जगातून आली असं अभ्यासक म्हणतात. केसांची रचना, कानातलं, गालांची गोलाई मात्र अस्सल इथली.

तर प्रश्न असा. आपल्याकडच्या संग्रहालयांत पाटीवर साधारण काय असतं? 'स्त्री-मूर्ती, मृण्मय, सातवाहन काळ.' संपलं. ती कुठल्या टेकडीवर मिळाली, कुणाच्या हाताला लागली, नांगराला की पावसाने उघडी पडली, यातलं काही नाही. तेरच्या टेकड्यांना कोट, बैराग, कैकाडी, मुलाणी अशी नावं आहेत. कोट सोडला तर ज्या लोकांची वस्ती त्या पांढरीवर होती त्यांची ती नावं. पाटीवर ती का नसावीत? तुमच्या भागात काय अनुभव आहे?

---

ओसरी

छान धागा. माझं माहेर तेरपासून जवळच. आमच्याकडं पांढरीची माती काढायचं काम दरवर्षीचं असायचं. धाब्याच्या घरावर पाऊसकाळाच्या आधी ती पसरायची, भिंती लिपायला तीच, शेतात खत म्हणूनबी तीच. खणताना मणी निघायचे. आम्ही पोरी त्याच्या माळा करायचो अन् खेळात बाहुल्यांना घालायचो. ते दोन हजार वर्षांचे आहेत हे कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. मोठी माणसं म्हणायची, भुताचं असतंय, घरात आणू नका.

लामतुरे अण्णांचं नाव मात्र पंचक्रोशीत सगळ्यांना ठाऊक. काही सापडलं की त्यांच्याकडं न्यायचं, एवढं कळायचं.

---

खापरखुळा

नाव वाचून कळलंच असेल, माझं शिक्षण पुरातत्त्वातलं आहे. थोडा विरोधी सूर लावतो, राग मानू नका.

लामतुऱ्यांबद्दल आदर आहेच. पण गोळा केलेली वस्तू आणि उत्खननात मिळालेली वस्तू यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. उत्खननात वस्तूपेक्षा तिचा थर महत्त्वाचा. तिच्याबरोबर कुठली खापरं होती, वर काय, खाली काय, राख होती का, यावरून काळ ठरतो. हातोहात आलेल्या वस्तूचा थर कायमचा गेला. मग तिचा काळ ठरवायला दुसरीकडच्या सारख्या वस्तू शोधाव्या लागतात.

याचं उत्तम उदाहरण तेरमध्येच आहे. तिथली प्रसिद्ध हस्तिदंती स्त्री-मूर्ती घ्या. टीचभर उंचीची, दागिन्यांनी मढलेली. तिची बहीण शोभेल अशी मूर्ती १९३८ साली इटलीत पाँपेईच्या एका घरात सापडली. ती आज नेपल्सच्या संग्रहालयात आहे. पाँपेई इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेखाली गाडलं गेलं, म्हणजे ती मूर्ती त्याआधीची हे नक्की. आपली मूर्ती आपल्या मातीत सापडली, आणि तिचा काळ सांगायला राखेखालचं इटलीतलं घर लागतं! कारण तेरची मूर्ती कुठल्या थरात होती याची नोंदच नाही.

तिसरी मूर्ती भोकरदनची, जालना जिल्ह्यातली. तिचा फक्त खालचा भाग उरलाय. पण ती १९७३ च्या उत्खननातली आहे, देव आणि गुप्ते यांच्या. ती तुटकी असली तरी आमच्यासारख्यांना जास्त बोलते.

---

बार्शीलाईट

@खापरखुळा, मुद्दा मान्य. पण लामतुऱ्यांनी गोळा केलं नसतं तर ते थरात सुरक्षित राहिलं असतं का? ओसरीताई सांगतायत तसं ते धाब्यावर गेलं असतं, नाहीतर मुंबईच्या एखाद्या दलालाकडे. पर्याय 'उत्खनन की संग्रह' असा नव्हता, 'संग्रह की काहीच नाही' असा होता.

---

खापरखुळा

तेही खरं. आणि तेरला उत्खननं झालीच आहेत, झाली नाहीत असं नाही. चापेकरांच्या १९५८ च्या उत्खननात विटांनी बांधलेल्या गोल टाक्या मिळाल्या, त्या कापड रंगवायच्या असाव्यात असं त्यांनी मांडलं. पेरिप्लसमधलं ते गाड्या भरून जाणारं कापड आणि या टाक्या शेजारी ठेवून बघा. अशी जोडणी सुट्या वस्तूंवरून होत नाही, एवढंच म्हणायचं होतं.

म्हणूनच तुमचा पाटीचा मुद्दा मला अगदी पटतो. थर गेला तर गेला, निदान टेकडीचं नाव तरी लिहा. 'कैकाडी टेकडीचा उतार, पावसानंतर' एवढं लिहिलेलं असलं तरी आमचं निम्मं काम होतं. तुम्ही ते आपुलकीपोटी मागताय, मी धंद्यापोटी. मागणी एकच.

---

रंकाळवेस

आमच्यात या भावांनो, कोल्हापूरला! टाऊन हॉलच्या संग्रहालयात. ब्रह्मपुरीची टेकडी पंचगंगेच्या काठाला, तिथं ब्राँझच्या वस्तूंचं घबाड निघालं, आणि १९४५-४६ ला सांकलिया आणि दीक्षित या पुरातत्त्ववाल्यांनी रीतसर खणलं. त्यातला समुद्रदेव पोसायडन लई फेमस. ब्राँझचा, वीतभर पण नाही, पण उभा राहायची ऐट बघा. एक हात वर, त्यात त्रिशूळ असणार, ते गेलंय. समुद्रापास्नं सह्याद्री ओलांडून हे बेणं आमच्या गावात काय करत होतं?

संग्रहालयच मुळात त्या ब्रह्मपुरीच्या वस्तूंसाठी १९४६ ला निघालं. टाऊन हॉलची इमारत त्याच्या आधीची, चार्ल्स माँट या इंग्रज वास्तुकाराची. बागेत झाडाखाली वीरगळ आणि सतीशिळा मांडून ठेवल्यात. मला विचाराल तर पोसायडनपेक्षा ते वीरगळ जास्त आपले. प्रत्येक वीरगळ कुठल्यातरी गावच्या वेशीवरनं उचलून आणलाय. गावाचं नाव लिहिलं तर त्या गावची माणसं बघायला येतील की नाही?

---

अवनी_ठाणे

वाचतेय. एक शंका. पाटीवर सापडवणाऱ्याचं नाव हवं म्हणता, पण शेतकरी नाव सांगेल का? आमच्या सासरी विहीर खोदताना काहीतरी भांडं निघालं होतं, त्याबद्दल घरात आजही कुणी मोठ्याने बोलत नाही. सरकार जमीन घेईल, पोलीस येतील, ही भीती.

---

मुकादम

अवनीताई, भीती का असते ते सांगतो. कागदपत्रांशी संबंध आला आहे म्हणून.

कायदे दोन. पहिला १८७८ चा, जमिनीत दडलेल्या ठेव्याचा. दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं काही सापडलं तर जिल्हाधिकाऱ्याला कळवायचं. दहा रुपये! १८७८ ची किंमत आहे ती. न कळवलं तर गुन्हा. पण लोकांना ठाऊक नसलेली बाजू अशी की कळवणाऱ्याला या कायद्यात हिस्सा आहे. मूळ मालक सापडला नाही आणि दुसरा काही करार नसेल तर सापडवणाऱ्याला तीन चतुर्थांश, जमीनमालकाला एक चतुर्थांश. सरकारला ठेवा स्वतःकडे घ्यायचा असेल तर वस्तू ज्या धातूची वगैरे आहे त्या मालाच्या किमतीवर आणखी एक पंचमांश देऊन घेता येतो. शेतकऱ्याला कुणी हे सांगत नाही. 'सरकारजमा' हा एकच शब्द त्याच्या कानावर पडलेला असतो.

दुसरा १९७२ चा, पुरावस्तूंचा. शंभर वर्षांवरची वस्तू पुरावस्तू, हस्तलिखित असेल तर पंचाहत्तर वर्षं. दगडाच्या, भाजक्या मातीच्या, धातूच्या, हस्तिदंताच्या मूर्ती, चित्रं वगैरे घरात असतील तर नोंदणी करायची. नोंदणी केली म्हणजे वस्तू गेली असं नाही, मालकी तुमचीच राहते. परदेशी पाठवता येत नाही आणि विक्रीचा धंदा परवान्याशिवाय करता येत नाही. आजीची साधी पितळी समई या नोंदणीत येत नाही, घाबरू नका.

---

अवनी_ठाणे

धन्यवाद! हे सासूबाईंना वाचून दाखवते. भांडं कुठे गेलं ते मात्र आता देवच जाणे.

---

प्रवरासंगम

सापडवणाऱ्याच्या नावाबद्दल एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. दायमाबाद. आमच्या प्रवरेच्या काठचं, आता ओसाड. १९७४ मध्ये छबू लक्ष्मण भिल्ल हे झुडपाचं मूळ खणत होते आणि जमिनीतून ब्राँझची चार शिल्पं वर आली. दोन बैल जुंपलेला रथ आणि तो हाकणारा माणूस, शिवाय गेंडा, हत्ती, रेडा. चारही मिळून साठ किलोच्या वर. सगळं काही चाकांवर, म्हणजे ओढून न्यायचं. उत्तर-हडप्पा काळात, म्हणजे सिंधू संस्कृतीच्या शेवटच्या टप्प्यात, प्रवरेच्या काठी कुणीतरी एवढं धातूकाम करत होतं, ही कल्पनाच लोकांना पचेना.

रथ हाकणारा तो माणूस एकदा जवळून बघा. अंगाने शिडशिडीत, गुडघे किंचित वाकवून, तोल सावरत उभा. बैलगाडीत उभं राहून गाडी हाकणाऱ्या माणसाचे गुडघे असेच असतात, आमच्याकडे आजही.

ही शिल्पंही उत्खननातली नव्हती, त्यामुळे काळावरून वाद झालाच. धातूत आर्सेनिक जास्त आहे म्हणून डी. पी. अग्रवालांनी शंका घेतली. पुरातत्त्वज्ञ सालींनी मग तिथे काही वर्षं रीतसर उत्खनन केलं. पण मला सांगायचंय ते वेगळं. पुरातत्त्वाच्या लेखांत छबू भिल्लांचं नाव आवर्जून येतं. ही चांगली गोष्ट. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात ही शिल्पं बघायला शाळांच्या सहली जातात. त्या मुलांतल्या एखाद्या भिल्ल मुलाला काचेपलीकडे आपलं आडनाव दिसलं तर? विद्वानांच्या लेखात नाव असणं आणि पाटीवर असणं यात हा फरक आहे.

---

बार्शीलाईट

@प्रवरासंगम, धागा काढल्याचं सार्थक झालं.

---

पेठेतला_एक

पुण्याचा उल्लेख अजून नाही म्हणजे काय! केळकर संग्रहालय. दिनकर केळकरांनी, म्हणजे कवी अज्ञातवासींनी, लहानपणीच गेलेल्या राजा या मुलाच्या नावाने उभं केलं आणि १९७५ मध्ये सगळं शासनाला देऊन टाकलं. तिथे तलवारी बघायला जाणाऱ्याची निराशा होते आणि व्हायलाच हवी. अडकित्ते, दिवे, सुरया, कुलपं, गंजिफा, फण्या, आणि पायाची टाच घासायची वजरी! कुणाच्यातरी न्हाणीघरातली वजरी. तिच्यावर मोर, हरणं, काय वाट्टेल ते. एवढं नक्षीकाम टाचेसाठी करणारी माणसं रसिक म्हणायची की रिकामटेकडी, ते तुम्ही ठरवा.

---

आजोळ

केळकर अपवाद आहेत म्हणूनच आवडतात. बाकी ठिकाणी वारसा म्हणजे सरदारांची हत्यारं, पगड्या, तैलचित्रं. बलुतेदारांचं काय? माझ्या आजोळी कुंभाराचं चाक, सुताराचा वाकस, चांभाराची रापी आणि मातंगांची दोर वळायची चरखी, हे सगळं मी डोळ्यांनी बघितलं आहे. आज गावात एक शिल्लक नाही. कैकाड्यांच्या टोपल्या गावोगाव होत्या, त्या कुठल्या कपाटात आहेत? टेकडीला नाव कैकाडी आणि कपाटात त्यांची एक पाटी-टोपली नाही, असं नको व्हायला.

गोव्यात बाणावलीला व्हिक्टर ह्यूगो गोम्स यांनी 'गोवा चित्र' उभं केलंय. शेतीची अवजारं, गाडे, मोजमापं, भांडी. एका माणसाच्या हट्टातून. बघून या.

---

फणसगर

रत्नागिरीचं थिबा पॅलेस राहिलं. ब्रह्मदेशच्या राजाला इंग्रजांनी तिथे आणून ठेवलं, तो १९१६ मध्ये तिथेच वारला. तिथल्या वस्तू 'आमचा वारसा' की म्यानमारचा? आमच्याकडे दोन्ही म्हणतात. आमच्यासाठी तो 'थिबाराजा', एका शब्दात. अवांतर झालं, चालू द्या.

---

शिक्षक_लातूर

अवांतर कसं, मुद्द्याचंच आहे. मी एक प्रस्ताव मांडतो. आम्ही शाळेत एक कपाट करतोय, संग्रहालय म्हणणं धाडसाचं होईल. मुलांना सांगितलं, घरातली वस्तू आणायची नाही, फक्त माहिती आणि फोटो आणायचा. वस्तू आणली की हरवते, मग भांडणं. माहितीचे रकाने असे ठेवले : वस्तूचं घरातलं नाव, घरात कुठून आली, कोण वापरायचं, शेवटची कधी वापरली, आता कुठे ठेवली आहे.

गंमत म्हणजे 'कोण वापरायचं' या रकान्यात पहिल्यांदा सगळ्यांनी आजोबांची नावं लिहून आणली. जात्यापुढेसुद्धा! आजोबा दळायला बसायचे का, असं विचारल्यावर वर्ग हसला आणि दुसऱ्या दिवशी आज्यांची नावं आली.

---

ओसरी

गुरुजी, तुमच्या रकान्यांत माझीबी एक नोंद घ्या.

वस्तू : पायली. सोबत अधोली होती, ती मोडीत गेली. लोखंडी, काठाला पितळेची पट्टी.
कुठून आली : सासूबाईंच्या माहेराहून, लग्नात नाही, वाटणीत. भावांनी जमीन घेतली, बहिणीला पायली दिली.
कोण वापरायचं : सासूबाईच. बलुत्याचं धान्य त्या स्वतः मोजून द्यायच्या, सुगीला. कुंभाराला, न्हाव्याला, परटाला. काठोकाठ भरून वर शिग यायची, ती शिग हाताने पुसायची नाही असा त्यांचा नेम. सासरे पुसायला लावायचे, त्या ऐकायच्या नाहीत.
शेवटची कधी वापरली : दुष्काळाच्या साली, बहात्तर-त्र्याहत्तर. नंतर किलो आले अन् बलुतंबी बंद झालं.
आता कुठं : आमच्या देवघराखाली. तिच्यात लाह्यांचा डबा ठेवलाय.

काठाखाली शिक्का आहे. निजामाच्या काळातला असं सासरे म्हणायचे, तेव्हा हाली रुपया चालायचा. अक्षरं झिजल्यात, मला उर्दू येत नाही. कुणाला वाचता येतंय का? फोटो टाकला तर नीट दिसत नाही.

---

खापरखुळा

ओसरीताई, घासू नका आणि चिंच तर अजिबात लावू नका! खोलीत अंधार करा, बॅटरी शिक्क्याच्या बाजूने आडवी धरा, अगदी पत्र्याला समांतर, आणि मग फोटो काढा. चारही बाजूंनी एकेक. झिजलेली अक्षरं सावलीत उठून दिसतात. साल असेल तर ते बहुधा हिजरी किंवा फसलीत (निजामाच्या महसुली सनात) असेल. आकडे दिसले की मला सांगा, इसवी सन काढून देतो.

---

मुकादम

उर्दू मी बघतो. आमच्याकडे जुने सातबारे आणि खासरे (जमिनीच्या नोंदी) वाचायची सवय आहे. फोटो मोठ्या आकारात टाका, व्हॉट्सॅपवरून पाठवलेला नको, तो बारीक होतो.

---

ओसरी

आज लाईट नाही, उद्या पोराला बसवते.